थेंबही आत गेला नाही

वैजनाथ गायकेच्या पायाला जखम झाली आहे हे आधी फरशीला कळले, मग कडूबाईला आणि सगळ्यात शेवटी वैजनाथला.

२०१८ सालच्या मे महिन्यातली दुपार होती. तो कामावरून आला, दारात चपला काढल्या आणि सरळ मोरीकडे गेला. त्याच्यामागे शहाबादी फरशीवर ओले ठसे उमटत गेले, पण एकाच पायाचे.

"पाय पुसून यावं माणसानं," कडूबाई म्हणाली. "घरात प्यायला पाणी नाय आन् तुमच्या पायाला बरं मिळतं."

तिने फडके फिरवले तर ते पिवळे-तांबडे झाले. तिने नवऱ्याला खाली बसवले, तळवा वर केला आणि ओरडलीच. अंगठ्याच्या बुडाशी सुपारीएवढा भाग सोलून निघाला होता. वैजनाथने मान वाकडी करून पाहिले. दुखत काहीच नव्हते. साखरेच्या आजाराने पायांतली जाणीव कधीच गेली होती, तेही त्याला त्याच दिवशी समजले.

जखम कशी झाली हे शोधायला वेळ लागला नाही. वैजनाथ पाणी सोडायचा. शहरात या कामाच्या माणसाला लाइनमन म्हणतात. टाकी भरली की एका वस्तीचा व्हॉल्व्ह उघडायचा, वेळ झाली की बंद करायचा आणि खांद्याएवढी लोखंडी चावी मोटारसायकलला आडवी बांधून पुढच्या वस्तीकडे निघायचे. व्हॉल्व्ह रस्त्याखालच्या चेंबरात असतात. चेंबरात गळतीचे पाणी आणि गाळ साचतो. ठेकेदाराने एकदा गमबूट दिले होते, पण गाळात बूट रुततो आणि पाय तेवढा वर येतो, त्यामुळे सगळे लाइनमन अनवाणीच उतरतात. वैजनाथ वर येऊन अनवाणीच लोखंडी झाकणावर उभा राहायचा आणि चावीला जोर द्यायचा. मेमधल्या दुपारी त्या झाकणावर भाकरी शेकली असती. तिथे पाय भाजला आणि त्याला पत्ता लागला नाही.

त्याचा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला, तोही कामावरचा. आई पैठण तालुक्यात पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. कामावरच्या बायकांनी साडीचा आडोसा केला आणि त्याची नाळ तिथेच कुठेतरी बांधाच्या कडेला पुरली. पुढे बाप चितेगावच्या कारखान्यांत हमाली करायला आला, तिथून शहरात. वैजनाथने आधी पाइपलाइनसाठी चर खोदले, मग पाइप जोडले, मग लाइनमन झाला. ठेकेदार बदलत गेले, तो तोच राहिला. कायम मात्र कधी झाला नाही.

या काळात औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, बीड बायपास ओलांडून डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेले. ज्वारीच्या रानात प्लॉट पडले, प्लॉटवर रो-हाउस उठली, त्यांच्या मागे चार-चार मजली इमारती. रस्त्याखालचा पाइप मात्र पहिल्या घरांच्या हिशेबाचाच होता. वरच्या गल्ल्या मोटार लावून ओढून घेत आणि शेवटच्या गल्लीत नळ नुसता हवा सोडे. वैजनाथचे दोन खोल्यांचे घर त्या शेवटच्या गल्लीत होते. शेजारणी कडूबाईला टोमणा मारायच्या, "नवरा गावाला पाणी पाजतो आन् तुझा ड्रम कोरडा? लाइनमनशी लगीन करून मिळवलं काय गं बाई?"

पावसाळा आला तसा गेला. जखम गेली नाही. सरकारी दवाखान्यात ड्रेसिंग झाले, गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली. एका वैदूने झाडपाल्याचा लेप दिला, तो कडूबाईनेच फेकून दिला. दसऱ्याच्या सुमारास एका डॉक्टरने सांगितले की हाडापर्यंत गेली तर पाय कापावा लागेल. एका पायाच्या माणसाला चेंबरात उतरता येत नाही. वैजनाथला दुसरे काम येत नव्हते. इतके सरळ गणित होते.

त्याच डॉक्टरने जालना रस्त्यावरच्या एका खासगी रुग्णालयाचे नाव सुचवले. तिथे न भरणाऱ्या जखमांवर स्टेम सेलचा अभ्यास सुरू होता. उपचार फुकट होता, कारण तो अजून सिद्ध झालेला नव्हता.

तिथल्या डॉक्टर मृण्मयी सेलूकर पस्तिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. पायाला रक्त किती पोचते ते त्यांनी यंत्राने पाहिले, साखर पाहिली, हाडाचा फोटो काढला आणि म्हणाल्या की घेता येईल. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी समजावून सांगितले. बाळंतपणानंतर नाळ टाकून दिली जाते. आईच्या परवानगीने ती घेतात, तिच्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करतात, प्रयोगशाळेत वाढवतात आणि जेलमधून जखमेवर लावतात.

"त्यांची कातडी व्हती का मग?" वैजनाथने विचारले.

"नाही. त्या स्वतः कातडी होत नाहीत. थोडे दिवस जगतात आणि मरतात. पण तेवढ्यात आजूबाजूच्या तुमच्याच पेशींना कामाला लावतात. इथे सूज कमी करा, इथे रक्तवाहिनी आणा, इथे कातडी सरकवा, असे निरोप देतात."

"म्हंजे मुकादम."

"हं, मुकादम म्हणा."

"मुकादम आला म्हणून पाणी येत नाय, मॅडम. मागं दाब लागतो."

डॉक्टर हसल्या. "दाब आहे. तुमचा पाय म्हणजे शेवटची गल्ली आहे, पण पाणी पोचतंय. थोडं कमी, पण पोचतंय. म्हणून तर घेतलं तुम्हाला."

पुढची गोष्ट त्याला पटली नाही. अर्ध्या लोकांना पेशी असलेले जेल मिळणार होते, अर्ध्यांना नुसते जेल. कोणाला कोणते, हे रुग्णाला सांगणार नव्हते आणि डॉक्टरलाही माहीत नसणार होते.

"लावणाराला तरी ठाव पायजे ना?"

"नाही. कळलं की माणूस मनानंच बरं वाटून घेतो. डॉक्टरही."

"जखमेला कुठं मन असतं, मॅडम?"

याचे उत्तर लांबलचक होते, ते बाजूला ठेवून डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. या पायावर भार द्यायचा नाही, त्यासाठी एक खास बूट मिळेल, पण शक्यतो बसूनच राहायचे. आणि जखमेला पाणी लागू द्यायचे नाही. "बाहेरचं पाणी घाण असतं. एक थेंबही आत जाता कामा नये," त्या म्हणाल्या. वैजनाथने मान डोलावली. पाणी आत जाऊ न देणे आणि बाहेर येऊ न देणे याच कामात त्याचे आयुष्य गेले होते.

घरी खरा प्रश्न कडूबाईने काढला.

"कुणाची नाळ?"

"ते सांगत नायत."

"आन् ती पायाला लावायची? तळव्याला?" तिने कपाळावर हात मारला. "नाळ जमिनीत खोल पुरतात ती कशापायी? कुणाचा पाय पडू नये म्हणून. लेकराला बाधतं. आन् तुम्ही दुसऱ्याच्या लेकराची नाळ पायाखाली घेऊन गावभर हिंडणार?"

"अगं, पेशी हायत त्या. आन् अर्ध्या लोकांना तर नुसतं जेलच लावतात. मला बी तेच असंल."

"नसली तर नसली. पण असली तर?"

दोघांत तडजोड झाली. जेल लावायचे, पण पाय जमिनीला टेकवायचा नाही. कडूबाईने देवघरासमोरचा पाट आणला, त्यावर धुतलेले फडके अंथरले आणि वैजनाथचा पाय त्यावर ठेवला. दवाखान्याचा बूट कोपऱ्यात पडून राहिला. मोरीत जायचे तर ती त्याचा हात खांद्यावर घेऊन त्याला लंगडी घालत न्यायची. तो चुकून पाय टेकवायला गेला की स्वयंपाकघरातून ओरडायची, "लेकरू हाय तिथं!"

वैजनाथला याची लाज वाटायची. भेटायला आलेला फारूख, बायपासवरच्या पंक्चरच्या दुकानाचा मालक आणि वीस वर्षांचा दोस्त, पाटावरचा पाय पाहून म्हणाला, "क्या बात है वैजनाथ, भाभीने तो तेरे पाव को नवरदेव बना दिया. अब हळद कब है?"

"तू हस रे. तुझा नसंल जात पाय."

"मेरा कैसा जाएगा? मैं तो बैठ के कमाता."

दिवाळीनंतर दर आठवड्याला तो रुग्णालयात जाऊ लागला. थंडगार धूर ओकणाऱ्या नळकांड्यातून गोठवलेली कुपी निघायची, जेल तयार व्हायचे, जखमेवर पसरायचे, वर ड्रेसिंग. लावण्याआधी डॉक्टर जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनाने तिची कड उतरवून घ्यायच्या. संक्रांतीपर्यंत सुपारीचा वाटाणा झाला होता. तळाशी लालभडक, दाणेदार मांस दिसू लागले होते. डॉक्टर सेलूकर सहसा काही बोलत नसत, पण त्या दिवशी त्यांनी मागचे आणि आताचे कागद एकावर एक ठेवून वैजनाथला दाखवले. कडूबाईने ते उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले. परतताना ती म्हणाली, "नाळ असलीच बघा. नुसत्या जेलनं एवढं व्हत नसतं."

पाण्याचे मात्र बिनसत चालले होते. आदल्या वर्षी पाऊस अर्ध्यावर सोडून गेला होता. धरणात गाळापर्यंत पाणी उतरले. नळाला आठवड्याने पाणी यायचे, तो आठवडाही लांबत गेला. वैजनाथच्या जागी ठेकेदाराने बजाजनगरहून एक बदली माणूस आणला होता. तो व्हॉल्व्ह उघडायचा, पण या भागात वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह थोडा आवळल्याशिवाय खालच्या गल्लीत दाब चढत नाही. तो आवळायचा व्हॉल्व्ह गाळाने भरलेल्या चेंबरात होता आणि बदली माणसाला त्या काळ्या पाण्यात उतरायचे नव्हते. वैजनाथने फोनवर सांगून पाहिले. तो "हो, करतो" म्हणायचा आणि करायचा नाही. सलग दोन पाळ्यांना शेवटच्या गल्लीत नळ फुसफुसला आणि थांबला.

लोक वैजनाथच्या दारात येऊ लागले. आधी चौकशीला, मग भांडायला. "तुमचा पाय हाय व्हय भाऊ, आमची तोंडं वाळली त्याचं काय?" एका निवृत्त मास्तरांनी दारातूनच भाषण केले की सार्वजनिक सेवेतल्या माणसाने आजारपणाचे भांडवल करू नये. वैजनाथ पाटावर पाय ठेवून ते सगळे ऐकत बसला. ठेकेदाराचाही फोन आला. तो ओरडला नाही. नुसते म्हणाला, "बघ बाबा, तुझ्या सवडीनं. दुसरा माणूस पाहून ठेवलाय मी."

टँकर यायचा तेव्हा कडूबाई पाइप धरायला धावायची. गर्दीत कोणाच्या तरी हंड्याचा काठ तिच्या मनगटावर बसला आणि हात सुजला. निळा ड्रम तळाला लागला होता. एका सकाळी त्याच्यातून तांब्या भरताना तो आडवा करावा लागला, तेव्हा ती ड्रम तसाच सोडून वैजनाथसमोर येऊन उभी राहिली.

"एक डाव जाऊन या," ती म्हणाली. "चावी त्या माणसाला फिरवू द्या. तुम्ही नुसतं काठावर बसून सांगा. बसूनच करायचंय ना? बसूनच करा."

"आन् नाळ?"

"जपून जा."

जपायचे कसे, हे वैजनाथने मनाशी कधीच ठरवले होते. फुटक्या पाइपावर लाइनमन सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात. पट्टी पूर्ण ताणायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा आणि शेवट खाली खोचून टाकायचा. ढिली राहिली तर पाणी वाट काढतेच. नीट गुंडाळलेली पट्टी वर्ष-वर्ष टिकते. त्या पट्ट्या त्याला फारूखच पुरवायचा.

तो बदली माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसून फारूखच्या दुकानात गेला. फारूखने ट्रकची जुनी ट्यूब कापून लांब पट्टी काढली. आधी ड्रेसिंगवर प्लॅस्टिकची पिशवी आली, मग बोटांपासून पोटरीपर्यंत रबर. फारूख ओढायचा आणि विचारायचा, "जास्ती टाइट तो नै?"

"कळतंय कुठं मला? ओढ तू."

शेवटी पायाचा काळा, गुळगुळीत ठोकळा झाला. फारूख मागे सरून पाहू लागला. "ट्यूबलेस के जमाने में तू उलटा चला रे."

"पाणी नाय ना जाणार?"

"देख लेते ना."

पंक्चर तपासायच्या पाण्याच्या टबात वैजनाथने पाय बुडवला. दोघे वाकून बघत राहिले. एकही बुडबुडा आला नाही. फारूखने समाधानाने टबाच्या कडेवर थाप मारली. "बुलबुला नै, मतलब पंक्चर नै. जा, समिंदर में उतर."

काठावर बसून सांगायचे ते पाच मिनिटे चालले. बदली माणसाने काठावरूनच चावी खाली घातली, ती व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसेना, त्याने दोनदा शिव्या घातल्या आणि सिगारेट काढली. वैजनाथने त्याच्या हातून चावी घेतली आणि आत उतरला. गुडघ्यापर्यंत काळे पाणी आले. त्याने वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह आवळला. दुपारी शेवटच्या गल्लीत नळांना धार आली. बायकांनी बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून घेतले. निवृत्त मास्तर स्वतः येऊन म्हणाले, "वैजनाथराव, कर्तव्य म्हणजे हे." कडूबाईने ड्रम काठोकाठ भरला आणि त्यावर झाकण ठेवून वर दगड ठेवला.

संध्याकाळी त्याने रबर सोडले. ड्रेसिंगला बाहेरचे पाणी लागलेले नव्हते. ते दमट होते, पण त्याने त्याचा अर्थ घाम असा लावला, आणि तो बरोबरही होता. एका डावाचे दोन झाले, मग दर पाळीला तो जाऊ लागला. एका पाळीत अनेक व्हॉल्व्ह असतात. सकाळी बांधलेले रबर दिवेलागणीला सुटायचे.

पुढच्या तपासणीत डॉक्टर सेलूकर जखमेवर नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिल्या. कड पांढरी पडली होती, भिजलेल्या बोटासारखी.

"हे ओलं झालं होतं का?"

"नाय."

"नक्की? अंघोळ, मोरी, काही?"

"मॅडम, थेंबही आत गेला नाय. पैज लावा."

तो खरे बोलत होता. त्यांनी विश्वास ठेवला आणि दुसरी कारणे शोधली. साखर पुन्हा तपासली. जास्त शोषणारे ड्रेसिंग दिले. पायावर भार देताय का, विचारले. तो म्हणाला, बसूनच असतो. हे अर्धे खरे होते.

होळीनंतर त्याला थंडी वाजून ताप आला. कडूबाईने ड्रेसिंग सोडले आणि पदर नाकाला लावला. जखम पुन्हा सुपारीएवढी झाली होती, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट काळे पडले होते आणि पोटरीवर रबराच्या वेढ्यांचे वळ उमटले होते, दोरखंडासारखे, एकावर एक अर्धे चढलेले.

ते वळ पाहून डॉक्टरांनी विचारले, "हे काय आहे?"

कडूबाईने पिशवीतून गुंडाळी काढली आणि टेबलावर ठेवली. काय आणि कसे ते तिनेच सांगितले, फारूखच्या टबासकट.

डॉक्टर सेलूकरांनी ते रबर हातात घेऊन ताणून पाहिले आणि त्यांचा आवाज चढला. "अहो, बाहेरचं आत गेलं नाही. पण आतलं बाहेर कुठून येणार होतं? जखम पाझरते. घाम येतो. दिवसभर तुम्ही ती उकडत ठेवलीत. आणि एवढं ताणून? मी म्हणाले होते ना, पाय म्हणजे शेवटची गल्ली. तुम्ही वरून व्हॉल्व्ह आवळलात!"

"तुम्ही म्हणलात, थेंब जाता कामा नये."

"मी बसायला पण सांगितलं होतं!"

"बसूनच व्हतो, मॅडम. मग कोणीतरी उतरायला पायजे व्हतं."

"कुठे उतरायला?"

तेव्हा कुठे डॉक्टरांना कळले की हा माणूस काय काम करतो. पाणीपुरवठ्यात आहे एवढे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या डोक्यात पंपघर, खुर्ची, बटन असे काहीसे होते. त्यांनी त्याच्या रक्ताचा दाब, साखर, हाड, नस सगळे तपासले होते. उभा कुठे राहतो हे विचारले नव्हते, आणि त्याला ते सांगावेसे वाटले नव्हते, कारण लाइनमन चेंबरात उतरतो हे सगळ्या जगाला माहीत असते अशी त्याची समजूत होती. मग त्यांनी सांगितले की संसर्ग झाला म्हणजे अभ्यासातून तो बाद. जेल बंद.

"अजून एक डाव लावून बघा की."

"नियमात नाही. आणि आता त्याचा उपयोगही नाही."

आधी दोन बोटे कापली. मग उरलेली तीन. एप्रिलच्या अखेरीस पुढचा अर्धा पाय काढावा लागला. टाके घातलेली ती मोठी जखम साध्या ड्रेसिंगने, कुठल्याही पेशींशिवाय भरून आली. यालाही कारण होते. चितेगावला दिलेल्या मुलीने त्याला उचलून आपल्या घरी नेले होते. तिथे तो खाटेवर पडून असायचा आणि उठायला काहीच निमित्त नव्हते. ठेकेदाराने पाहून ठेवलेला माणूस कामावर रुजू झाला. शेवटच्या गल्लीत पुन्हा नळ फुसफुसू लागला. निवृत्त मास्तरांनी आता नव्या लाइनमनविरुद्ध अर्ज लिहायला घेतले.

वैजनाथ परत आला तेव्हा फारूखने त्याला दुकानात बसवले. टबासमोर एक स्टूल होते. ट्यूब बुडवायची, बुडबुडा शोधायचा, खडूने खूण करायची. फारूख त्याच्या पायाकडे पाहणे टाळायचा. एकदा मात्र बोलून गेला, "मैंने पूछा था, टाइट तो नै. पूछा था ना?"

"इचारलं व्हतं."

"फिर?"

"फिर काय. मला तरी कुठं कळत व्हतं?"

एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जात नव्हती. आपल्याला पेशी मिळाल्या होत्या की नुसते जेल? रुग्णालयात जाणे झाले की तो विचारायचा. उत्तर ठरलेले, अभ्यास संपल्याशिवाय कळत नाही. मग कोरोना आला आणि अभ्यासच थांबला. वैजनाथने मनाशी धरून ठेवले की पेशीच होत्या. सुपारीचा वाटाणा झाला होता, तो काय उगाच? कडूबाईचेही तेच मत होते, आणि तिला त्याचा त्रास व्हायचा. कुणाच्या तरी लेकराची नाळ आपण घाण पाण्यात उतरवली आणि तिचेच फळ मिळाले, असे ती म्हणायची. शेजारी कोणाचे बाळ आजारी पडले की तिचा चेहरा उतरायचा.

२०२२ च्या उन्हाळ्यात फोन आला. त्या वर्षी धरण भरलेले होते, तरीही नळाला आठवड्यातून एकदाच पाणी होते. आता दोष पावसावरही टाकता येत नव्हता. दोघे रुग्णालयात गेले. कडूबाई बाहेर बाकावर बसली, तिला आत यायचे नव्हते.

डॉक्टर सेलूकर थोड्या थकलेल्या दिसत होत्या. निकाल लागला होता. पेशी मिळालेल्यांच्या जखमा जरा लवकर भरल्या होत्या. सगळ्यांच्या नाही. आणखी मोठा अभ्यास करावा लागणार होता.

"आन् मी?"

"तुम्ही साध्या जेलमध्ये होता."

वैजनाथने काठीची मूठ दुसऱ्या हातात घेतली. "तरी अर्धी भरली व्हती."

"हो."

"मग ती कशानं भरली?"

"तुम्ही बसला होतात म्हणून. भार नव्हता, स्वच्छ होती, साखर ताब्यात होती. कधी कधी तेवढं पुरतं. अजून दोन-तीन महिने बसला असतात तर बहुतेक..." त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "साध्या जेलवाल्यांना आता पेशी द्यायचं ठरलंय. ज्यांच्या जखमा अजून आहेत त्यांना."

"मग मला बी लावा."

"कशाला लावू, वैजनाथराव? जखमच नाही आता."

तो बाहेर आला. दोघे रिक्षात बसले. क्रांती चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तो म्हणाला, "नाळ नव्हतीच."

"काय?"

"नुसतं जेल व्हतं. कुणाच्या लेकराचं काय नव्हतं त्यात."

कडूबाईने दोन्ही हात कपाळाला लावले आणि मोठा श्वास सोडला. तीन वर्षांचे ओझे उतरल्यासारखा तिचा चेहरा झाला. ते थोडाच वेळ टिकले. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली, आणि ती नवऱ्याकडे वळली.

"मग भरत कशानं व्हती?"

"बसल्यानं."

"नुसतं बसल्यानं?"

"व्हय. त्या पाटावर."

रिक्षाच्या पुढे एक टँकर चालला होता. त्याचा मागचा कॉक नीट बंद नव्हता आणि रस्त्यावर पाण्याची बारीक रेघ सांडत होती. रिक्षावाला त्या रेघेवरूनच गाडी हाकत होता.

"मग उठलात कशाला?" कडूबाईने विचारले.

वैजनाथने तिच्याकडे पाहिले. निळा ड्रम आडवा करून ती समोर उभी राहिली होती ती सकाळ त्याला आठवत होती, आणि तिलाही आठवत असणार. रिक्षावाल्याच्या खांद्यावर टकटक करून तो म्हणाला, "त्या टँकरवाल्याला गाठ रे. त्याचा कॉक गळतोय."

"जाऊ द्या काका," रिक्षावाला म्हणाला. "सगळ्यांचेच गळतात."